तिसरी नव्हे, दुसरी कुंडी

आमच्या घराची जादा किल्ली कुठे ठेवलेली असते, हे मी स्वतःच्या हातानं इंटरनेटवर लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर निष्काळजीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण एका परक्या माणसानं तिची जागा चुकीची ओळखली, तेव्हा मी त्याची चूक दुरुस्तही केली.

हे कसं घडलं ते सांगायला मंडईपासून सुरुवात करावी लागेल. मंडईत संध्याकाळकडे वांग्यांचे वाटे लावलेले असतात. वरची दोन वांगी अशी तुकतुकीत, की माणूस त्या दोघांच्या प्रेमात पडून अख्खा वाटा उचलतो आणि घरी येऊन खालची किडकी निवडत बसतो. कॉम्प्युटरवरचे गेमही असेच वाट्यानं मिळतात. त्याला बंडल म्हणतात. वरच्या एका गेमसाठी मी वर्षानुवर्षं बंडलं उचलत आलो. खालचे गेम एकतर नको असलेले, नाहीतर आधीच्या कुठल्यातरी बंडलात येऊन गेलेले. प्रत्येक गेमबरोबर अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक रांग मिळते, तिला 'की' म्हणतात. ती एकदा कुणी टाकली की गेम त्याचा झाला, बाकीच्यांना ती मेली. अशा न वापरलेल्या की माझ्याकडे ढिगानं साचल्या होत्या. चाळिशी उलटल्यावर माणूस गेम खेळत नाही, नुसता विकत घेतो.

मराठी गेमवाल्यांचा एक ऑनलाइन कट्टा आहे. तिथे मी या की वाटायला लागलो. पण की उघडी टाकली तर माणसाची पापणी लवायच्या आत कुठलातरी प्रोग्रॅम ती उचलतो. म्हणून तिथली रीत अशी, की मधला एक आकडा गाळायचा आणि त्याच्या जागी कोडं घालायचं. लोक आपले सात त्रिक किती छापाची कोडी घालत. ती हल्ली यंत्रंही सोडवतात. मग मी डोकं चालवलं. यंत्राला जगातलं सगळं माहीत असेल, आमच्या घरातलं काय माहीत असणार?

मी घरच्या गमतीजमती लिहायला लागलो आणि त्यांवर कोडी घालायला लागलो. मागचे किस्से ज्यानं नीट वाचले असतील त्यालाच आकडा कळणार. खरं सांगायचं तर गेम हे आमिष होतं, मला वाचक हवे होते. आणि ते मिळाले! आम्ही कितव्या मजल्यावर राहतो, खालची पिठाची गिरणी आठवड्यातून किती दिवस बंद असते, मेट्रोतून नळ स्टॉपला येताना आमची गॅलरी डावीकडे किती वेळ दिसते... लोक वाचत, हसत, गेम घेऊन जात. एकदा मी विचारलं, "दुपारी आमच्या घरात किती माणसं असतात?" उत्तर होतं, एक.

ते एक माणूस म्हणजे आमची आई.

आई दुपारी कानाचं यंत्र काढून ठेवते. बॅटरी वाचते म्हणून. त्या वेळात तिला फोन ऐकू येत नाही, बेल ऐकू येत नाही, गॅलरीसमोरून मेट्रो गेली तर तिच्या थरथरीनं कळते म्हणे. दोनेक वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, तेव्हा घराच्या दाराला आतून कडी होती. दार फोडावं लागलं. तेव्हापासून ती कडी लावत नाही, नुसतं लॅच ओढून घेते, आणि एक किल्ली दाराबाहेर कुंडीखाली असते. मी ऑफिसात, बायको ऑफिसात. गरज पडली तर कुणालाही आत जाता यावं म्हणून.

तर त्या किल्लीवरही मी कोडं घातलं. कितव्या कुंडीखाली? एकानं लिहिलं, तिसरी. मला राहवेना. मी लिहिलं, "तिसरीत तुळस आहे. तुळशीखाली किल्ली ठेवायला आमची आई काय खुळी आहे? दुसरी." लगेच कुणीतरी गेम पळवला. कोड्याचं उत्तर आपणच फोडलं म्हणून मी दिवसभर हळहळलो. घराची किल्ली माझ्या डोक्यातही आली नाही.

ती एकाच्या डोक्यात आली. कट्ट्यावर एक सदस्य होता, फोटो नाही, नाव म्हणून नुसती निरर्थक अक्षरं. त्यानं मला खाजगीत लिहिलं, "हे काढून टाका. घर कळतं." मी उत्तर दिलं, "काळजीबद्दल आभार. आमचं घर रिक्षावाल्यांना पत्ता देऊनही सापडत नाही." काही दिवसांनी पुन्हा, "काढलं नाही अजून." मग, "शोधून दाखवू?" यावर मी जे लिहिलं ते मला त्या वेळी फार आवडलं होतं: "अवश्य. चहाची अपेक्षा ठेवू नये."

त्यानंतर सगळं शांत होतं. मी ते विसरूनही गेलो.

बायको माहेरी नाशिकला गेली होती. मी खराडीच्या ऑफिसात, जेवण होऊन एका मीटिंगमध्ये मान हलवत बसलो होतो. फोन टेबलावर उजळला. कट्ट्यावरून खाजगी निरोप. उघडला तर फोटो.

आमचं दार.

पहिल्यांदा मला वाटलं हा आपलाच जुना फोटो आहे. मग मी तो मोठा करून पाहिला. दाराशी आईच्या चपला. भिंतीलगत कुंड्यांची रांग. दुसरी कुंडी रांगेतून बाहेर सरकवलेली, आणि तिच्या जागी फरशीवर मातीचा गोल ओला डाग. त्या डागावर किल्ली नव्हती. फोटोखाली एकच शब्द होता: "सापडलं."

मी मीटिंगमधून काय सांगून उठलो ते आठवत नाही. लिफ्टमध्ये आईला फोन लावला. वाजत राहिला. रस्त्यावर येऊन पुन्हा लावला. वाजत राहिला. घरी, नळ स्टॉपपर्यंत, रिक्षानं गेलो असतो तर येरवड्याच्या चौकातच संध्याकाळ झाली असती, म्हणून रामवाडीपर्यंत रिक्षा आणि पुढे मेट्रो. रिक्षात बसल्याबसल्या ते कुंडीचं कोडं काढून टाकलं. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली पुन्हा त्याच्याकडेच!

मग त्या माणसाचं खातं पाहिलं. तो कट्ट्यावर कित्येक महिने होता. एक शब्द कुठे लिहिलेला नाही. माझ्याकडून काय, कुणाकडूनच एकही गेम घेतलेला नाही. माझा मात्र प्रत्येक किस्सा वाचल्याची खूण होती. जो फुकटचं काही घेत नाही आणि सगळं वाचतो, तो कशासाठी वाचतो?

मी त्याला निरोप टाकायला लागलो. पहिला कडक: "पोलिसांना कळवलं आहे." कळवलं नव्हतं. कळवायचा विचार केला होता, पण समोरचा विचारणार, पत्ता त्याला कुणी दिला? मी. किल्लीची जागा? मीच. घरी एकटी बाई असते हे? तेही मीच, कोड्यात. तरी डेक्कनपर्यंत उत्तर आलं नाही तर कळवायचंच असं ठरवलं. त्यानंतरचे निरोप मऊ होत गेले. "थट्टा पुरे." मग, "काय हवं ते सांगा." मग, "आईला ऐकू येत नाही, तिला घाबरवू नका." एकही निरोप वाचला जात नव्हता.

समोरचा फ्लॅट कायमचा बंद. त्यांची मुलं परदेशात, तेही तिकडेच. उरले तळमजल्यावरचे सेक्रेटरी. त्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण याच कुंड्या. जिन्यात कुंड्या ठेवू नयेत अशी त्यांची नोटीस होती, आणि सोसायटीच्या सभेत मी तिच्या चिंध्या केल्या होत्या. गाडी येरवडा सोडत होती तेव्हा मी त्यांना फोन लावला.

"नमस्कार. आमच्या मजल्यावर जिन्यात कुंड्या आहेत ना, त्या..."

"जिन्यात कुंड्या नाहीत. आपणच सभेत म्हणालात, जिना वेगळा आणि पॅसेज वेगळा. मी इतिवृत्तात तसंच लिहिलंय."

"अहो, पॅसेजमधल्या. दुसऱ्या कुंडीखाली किल्ली होती. ती कुणीतरी घेतलीय. आई घरात एकटी आहे, फोन उचलत नाहीये."

पलीकडे भाजीवाल्यांचा गलका ऐकू आला. मग त्यांचा आवाज बदलला. "मी मंडईत आहे. निघतो. पिशव्या इथेच ठेवतो." पावलांचा आवाज, धाप. "पण किल्ली कुंडीखाली आहे हे त्याला कळलं कसं?"

"ते मी... आल्यावर सांगतो."

"नको, समजलं. आपण लिहिता असं ऐकून आहे."

मेट्रोला घाई नसते. प्रत्येक स्टेशनात दारं उघडतात, कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, तरी ती तेवढाच वेळ उघडी राहतात. मी दाराशी उभा होतो. शेजारी एक बाई मला दोनदा म्हणाल्या, "बसा ना, जागा आहे." तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो आणि लगेच माफी मागितली. डोक्यात ते दार फोडलेला दिवस यायला लागला होता. आई आत ओल्या फरशीवर, आणि बाहेर आम्ही. आतून तिचा आवाज येत होता, "थांबा, कुणी आत येऊ नका, मला उठू दे." ती उठू शकत नव्हती. दार फुटलं तेव्हा जिन्यातली सगळी माणसं आत आली, आणि तिच्या अंगावर धड लुगडं नव्हतं.

हाही किस्सा मी कट्ट्यावर लिहिला होता. विनोदी करून. त्याच्यावर सर्वांत जास्त हसरे चेहरे आले होते.

डेक्कन आलं. निरोप वाचला गेलेला नव्हता. गरवारे कॉलेज सुटलं की डावीकडे आमची गॅलरी दिसते, एक दोन श्वासांपुरती. आई दुपारी तिथे खुर्ची टाकून बसते आणि गॅलरीचं दार सताड उघडं असतं. थंडी असो, ऊन असो, तिला बंद दार चालत नाही. मी काचेला नाक लावलं. गॅलरी आली. खुर्ची रिकामी. दार बंद.

नळ स्टॉपच्या पायऱ्या मी कशा उतरलो ते पायांनाच माहीत. पळत असताना पोलिसांचा नंबर लावायला घेतला आणि घामानं बोट घसरून कंपनीच्या कॅबवाल्याला लागला. गिरणीवाल्यानं मला पळताना पाहिलं आणि पिठाच्या हातानं वर बोट दाखवलं. का दाखवलं, ते विचारायला मी थांबलो नाही. लिफ्ट कुठेतरी वर अडकलेली. जिना चढलो.

दुसरी कुंडी सरकवलेली होती, फोटोत होती तशीच. किल्ली दाराच्या कुलपात बाहेरून लोंबत होती. दार किलकिलं.

हाताला काहीतरी हवं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. झाडांना पाणी घालायची झारी होती, ती उचलली. पाण्यानं अर्धी भरलेली. ती खांद्यावर उगारून मी दार ढकललं, आणि पाणी माझ्याच कॉलरमधून पाठीवर गेलं.

जेवणाच्या टेबलाशी तिशीतली एक मुलगी दडपे पोहे खात बसली होती. समोर आई. आईच्या कानात यंत्र होतं.

"झारी आत कशाला आणलीस?" आई म्हणाली. "फरशी पुसून घेतलीय आत्ताच."

मी उभाच. पाठीवरून पाणी ओघळत होतं. "हे कोण?"

"तुझ्याच ओळखीची आहे म्हणे. मला वाटलं, तुझ्या बायकोनं पाठवली. कुंड्या उचलून बघत होती उन्हात."

मुलगी उठून उभी राहिली. "नमस्कार दादा. मी ते... घर सापडलं म्हणून फोटो टाकला होता."

मी त्या खात्याला आजवर मनात मिशा लावल्या होत्या. "तुम्ही? तुम्ही किल्ली काढून घरात शिरलात?"

"शिरली कुठी? मी त फक्त पाह्यत होती, खरंच किल्ली हाय का नाही. दुसरी कुंडी म्हणून तुम्ही लिवलं, पण कोणत्या बाजूनं मोजाची ते लिवलंच नाही. मी जिन्याकडून मोजली. काहीच नव्हतं तिच्याखाली. तेवढ्यात काकू पाणी टाकाले बाहेर आल्या."

"अरे, चौथी उचलली होती हिनं," आई म्हणाली. "मी म्हटलं, तिकडून नाही, दाराकडून मोज. माझ्यामागे लॅच लागलं होतं, त्याच किल्लीनं दार उघडलं."

मी आईकडे पाहिलं. चुकीचं उत्तर तिलाही सहन होत नाही. माझ्यात हे कुठून आलं, याचा शोध तिथेच संपला.

मुलगी अकोल्याकडची, हिंजवडीत एका कंपनीत रात्रपाळीला. माझे किस्से ती बसमध्ये वाचायची. घर कसं सापडलं, तर नळ स्टॉपला उतरून तिनं फक्त पिठाची गिरणी शोधली. "गिरणीवाल्याले म्हटलं, ज्यांच्या आईले कमी ऐकू येते ते कुठी राह्यतात? त्यानं सरळ वरतं बोट दाखवलं. मले वाटलं होतं तास दोन तास तरी लागतील."

"मग फोटो टाकल्यावर उत्तर का नाही दिलंत? मी किती निरोप टाकले!"

"फोन तिकडं हाय." तिनं फ्रिजकडे पाहिलं. आमच्या घराचा नियम आहे, आत आलेल्या माणसानं फोन फ्रिजवर ठेवायचा. आईचा. तिचा स्वतःचाही तिथेच पडलेला होता, माझ्या सगळ्या फोनांसकट. आणि गॅलरीचं दार? यंत्र घातल्यावर रस्त्याचा गोंगाट सोसवेना म्हणून लावून घेतलं. मी सांगितलं तर दुपारी यंत्र घालत नाही, हिच्याशी बोलायचं म्हणून घातलं होतं.

मुलीनं फ्रिजवरून फोन घेतला. निरोप वाचता वाचता तिचे ओठ दाबले गेले. "पोलिसांना कळवलं आहे," तिनं वाचलं. मग पुढचे. "थट्टा पुरे." शेवटचा मी गरवारे कॉलेजला टाकला होता, तो मला आठवतही नव्हता. "माझ्याकडचे सगळे गेम घ्या. फक्त आईला हात लावू नका." तो तिनं मोठ्यानं वाचला नाही. फोन नुसता माझ्यापुढे धरला आणि परत घेतला.

मी सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, आई ठीक आहे, काही झालेलं नाही. ते अर्ध्या वाटेवर होते. "बरं झालं," ते म्हणाले. "आता परत जाऊन माझी वांगी तिथे आहेत का बघतो."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. मी पंख्याखाली पाठ वाळवायला बसलो. तेव्हा आईनं मुलीला विचारलं, "हा लिहितो म्हणजे काय लिहितो गं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, नको म्हणून. आईनं ते पाहिलं.

"दुपारी मी एकटी असते, हे लिहिलंय?"

"हाव."

"ऐकू येत नाही हे?"

"हाव, काकू."

आई थोडा वेळ टेबलावरचा पोह्याचा एकेक दाणा बोटानं वेचत राहिली. "बाथरूममध्ये पडले होते, ते?"

मुलीनं आपली ताटली जवळ ओढली.

"लुगड्याचं?"

"मी त्याच्यासाठीच आली होती, काकू," ती हळू म्हणाली. "ते काढा म्हणून सांगाले. किल्लीचं नंतरचं. माह्या आजीचं कोणी असं लिवलं असतं त..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि ताटली उचलून आत गेली.

मी फोन काढला. आईसमोरच बसून तो किस्सा शोधला आणि काढून टाकला. मग बाकीचे, एकेक. आई बघत होती. काढून झाल्यावर मी म्हटलं, "गेलं सगळं."

"वाचायचं त्यांनी वाचलं असेल," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मुलगी निघाली. मी तिला म्हटलं, एखादा गेम तरी घ्या. ती म्हणाली, नको, तिच्याकडे कॉम्प्युटर ऑफिसचा आहे, त्यावर गेम चालत नाहीत. मी म्हटलं, चहा तरी. ती म्हणाली, "चहा झाला. काकूनं दोनदा दिला."

तिला दारापर्यंत सोडायला आई गेली. दोघी पॅसेजमध्ये बराच वेळ उभ्या होत्या. कुंडी सरकवल्याचा आवाज आला, मग काही वेळ कसलाच नाही, मग दोघींचं हसणं. मुलगी जिना उतरून गेली. आई आत आली. तिच्या हातात किल्ली नव्हती. मी बाहेर जाऊन पाहिलं, दुसऱ्या कुंडीखाली नव्हती. तिसरीखालीही पाहिली. नव्हती.

"किल्ली कुठे ठेवलीस?"

"ठेवलीय."

"अगं, कुठे?"

"त्या मुलीला दाखवलीय. तुझ्या बायकोला रात्री फोनवर सांगेन."

"आणि मला?"

"तू बेल वाजव."

"आई, तू दुपारी यंत्र काढून ठेवतेस. तुला बेल ऐकू येत नाही."

तिनं कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं, आणि गॅलरीचं दार उघडायला जाता जाता म्हणाली,

"मग बाहेर बस."